एक जूनची मुले

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत, लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात, गुंडाळून ठेवलेल्या जुन्या नकाशांच्या आड दाखल-खारीज रजिस्टरांची जी चवड आहे, तिच्यातील तीन रजिस्टरे माझ्या वडिलांच्या हातची आहेत. पुठ्ठ्याच्या कडा उंदरांनी कुरतडल्या आहेत, परंतु आतील अक्षर अजून ताजे वाटते: टाकाने लिहिलेले, टपोरे, शिरोरेघ कोठेही न मोडणारे. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मगाव आणि त्यापुढच्या रकान्यात जन्मतारीख. आधी अंकांत आणि तिच्याखाली अक्षरांत. मी मध्येच एक पान उघडले. पानावर चौदा नोंदी होत्या आणि त्यांतील अकरा मुलांची जन्मतारीख एकच होती: १ जून.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याचा उलगडा करून सांगायला नको; प्रत्येकाच्या नात्यात एखादा काका, एखादी मावशी एक जूनला जन्मलेली असतेच. शाळा जूनमध्ये भरत, पटावर घ्यायचे तर मुलाला सहा वर्षे पुरी असावी लागत, आणि बोटाशी पोर धरून आलेल्या आईला तारीख सांगता येत नसे. पोर झाले तेव्हा ज्वारी हुरड्यावर आली होती, किंवा त्या साली गावाला टँकरचे पाणी होते, एवढेच तिला आठवे. मास्तर मग पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगत, आणि हात कानाला पोहोचला की रकान्यात १ जून लिहीत. ज्यांचा हात पोहोचत नसे अशीही काही पोरे वडिलांनी पटावर घेतलेली मला आठवतात. थोरली बहीण शाळेत आली की धाकट्याला सांभाळायला घरी कोणी नसे. धाकट्याला घेतले नाही तर थोरलीची शाळा सुटे. अशा वेळी ते धाकट्याचे जन्मसाल एकाने मागे लिहीत, आणि पाच वर्षांचे मूल कागदोपत्री सहा वर्षांचे होई. एका मुलीचे शिक्षण टिकावे म्हणून केलेली ती नोंद होती, आणि ते करणे योग्य होते असे मी आजही म्हणेन.

परंतु कागदावर वाढवलेले ते एक वर्ष त्या मुलाबरोबर पुढे चालत राहते, आणि त्याचे पाऊल कधी वाकडे पडलेच तर फौजदारी कोर्टाच्या दाराशी तेच वर्ष त्याच्या आड येऊ शकते, याची वडिलांना कल्पना नव्हती. मलाही नव्हती. या अंकासाठी ‘वय’ या विषयावर लिहा, मात्र जाऊन पाहून लिहा, असे संपादकांनी कळवले, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने मूल हे मूल केव्हापर्यंत असते आणि मोठ्या माणसांच्या कोर्टात त्याला केव्हा उभे करावे, हा प्रश्न मी निवडला. मग निरीक्षणगृहे, परिविक्षा अधिकाऱ्यांच्या कचेऱ्या, वकिलांच्या ओसऱ्या असे फिरणे झाले; आणि जेथे जेथे गेले तेथे पहिला सवाल एकच ऐकू आला: पोराच्या शाळेचा दाखला आणला का?

मांडव्याने घातलेली मर्यादा

महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्य ऋषीची कथा आहे. चोरांनी लुटीचा माल त्याच्या आश्रमात दडवला, मौनव्रत असल्यामुळे तो राजाच्या शिपायांना काही सांगू शकला नाही, आणि चोरांचा साथीदार समजून त्यालाही सुळावर चढवण्यात आले. पुढे त्याने प्रत्यक्ष धर्मालाच जाब विचारला की, हे कोणत्या पापाचे फळ? लहानपणी तू किड्यांना गवताच्या काडीने टोचले होतेस, असे उत्तर मिळाले. एवढ्याशा वयातील एवढ्याशा अपराधाला हा दंड ऐकून ऋषी संतापला. त्याने धर्माला मनुष्यलोकात जन्म घेण्याचा शाप दिला (तोच विदुर झाला) आणि त्याच दमात एक मर्यादा घालून दिली, की यापुढे चौदाव्या वर्षापर्यंत केलेल्या कृत्याचे पातक लागणार नाही. ही कथा आपण विदुराच्या जन्माची म्हणून सांगतो. मला ती वयाची मर्यादा वाढवल्याची कथा वाटते. आणि ती वाढवण्याचा अधिकार शिक्षा भोगलेल्या माणसाने बजावला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

इंग्रजी अमदानीत १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाला गुन्ह्यातून पूर्ण मोकळे केले आणि सात ते बारा या वयात त्याची समज पाहून ठरवावे असे म्हटले. हेच आजच्या न्यायसंहितेतही कायम आहे. बारा वर्षांवरील मुलाचे काय करायचे, हा प्रश्न उरला. त्याला मोठ्या कैद्यांत टाकले तर तो सराईत होऊन बाहेर येतो, हे तुरुंगांच्या अंमलदारांनाच आधी उमगले. १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांचा वेगळा विचार व्हावा अशी शिफारस केली, आणि मद्रास व बंगाल यांच्यामागोमाग मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला.

मुंबईच्या उमरखाडीत, डोंगरीला, त्या विचाराची एक खूण दगडात उभी आहे. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली १०१ दिवस काढले तो डोंगरीचा तुरुंग. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले म्हणून मराठी माणसाला तो ठाऊक आहे. त्याच जागी पुढे मुलांचे रिमांड होम आले, आणि मुंबईत ‘डोंगरीला टाकीन’ हा आईबापांचा धाक झाला. तुरुंगाच्या भिंती तशाच ठेवून आत मुले आणली, एवढ्याने तुरुंग संपत नाही, हे खरे. तरीपण मुलाची जागा मोठ्या कैद्याशेजारी नाही, एवढे तरी त्या बदलाने मान्य केले होते.

मान्य केले, पण कोणाला मूल म्हणायचे हे प्रत्येक प्रांताने आपापल्या परीने ठरवले. जम्मू-काश्मीर सोडून सबंध देशाला लागू असा कायदा १९८६ चा. त्याने मुलीला अठरा वर्षांपर्यंत आणि मुलाला मात्र सोळापर्यंतच बालक मानले. सोळा वर्षे पुरी झालेला मुलगा म्हणजे घरचा कर्ता, ही आपल्याकडची जुनी समजूत त्या दोन वर्षांच्या फरकात शिरली असावी. त्याच सुमारास मुंबईच्या पत्रकार शीला बारसे तुरुंगांतील मुलांचा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. जिल्हा न्यायाधीशांनी आपल्या हद्दीतल्या तुरुंगांची पाहणी करवावी आणि आत किती मुले आहेत ते कळवावे, असा हुकूम न्यायालयाला द्यावा लागला. म्हणजे मुले तुरुंगात आहेत की नाहीत हेच कोणाला नीट माहीत नव्हते. भारताने १९९२ च्या डिसेंबरात बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला आणि २००० च्या कायद्याने मुलगा-मुलगी हा भेद मिटवून सर्वांसाठी अठरा ही रेघ आखली. ती १ एप्रिल २००१ पासून अमलात आली.

तरीही एक पेच राहिला. वय मोजायचे ते गुन्ह्याच्या दिवसाचे की मुलाला कोर्टापुढे उभे केले त्या दिवसाचे? पोलिसांनी पकडायला दिरंगाई करावी आणि तेवढ्यात मुलगा कायद्याने मोठा व्हावा, असे होऊ शकत होते. २००५ साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने गुन्ह्याचा दिवस हाच खरा असा निर्णय दिला, आणि पुढच्याच वर्षी दुरुस्ती होऊन, खटला कोणत्याही टप्प्यावर असो, अगदी शेवटचा निकाल लागून गेला असो, गुन्ह्याच्या वेळी मी मूल होतो हे म्हणण्याचा हक्क मान्य झाला. हा हक्क कोणाच्या किती उपयोगी पडला, ते पुढे येईलच.

उंच आसन नसलेली कचेरी

अशा मुलांची प्रकरणे ज्याच्यापुढे चालतात त्या बाल न्याय मंडळाचे काम चालू असताना परक्या माणसाला आत जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी, अधिकाऱ्यांची परवानगी काढून, मी रिकामी खोली पाहून घेतली. पहिली गोष्ट नजरेत भरली ती ही, की खोलीत उंच आसन नव्हते. एक लांब टेबल, त्याच्या एका अंगाला तीन खुर्च्या, समोर दोन. पिंजरा नाही, कठडा नाही. मंडळाने मुलाच्या बरोबरीच्या पातळीवर बसावे, मध्ये अडसर ठेवू नये, आणि कोर्टाच्या किंवा तुरुंगाच्या आवारात तर मुळीच बसू नये, असे नियमच आहेत. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य, त्यांतली एक तरी स्त्री, मिळून हे मंडळ बनते. मुलाला बेडी घालायची नाही, कोठडीत ठेवायचे नाही, चोवीस तासांच्या आत मंडळापुढे आणायचे, आणणाऱ्या पोलिसाने शक्यतो साध्या वेषात यायचे. गुन्हा किरकोळ असेल तर रीतसर गुन्हासुद्धा दाखल न करता स्टेशन डायरीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल धाडायचा. जामीन हा येथे नियम आहे, आणि तो नाकारायचा असेल तर कारणे लिहावी लागतात.

दुसऱ्या दिवशी मी बाहेरच्या व्हरांड्यातील बाकावर बसले. सगळ्यांत मोठी गर्दी आयांची होती. एकीने रोजगार बुडवून यावे लागल्याचे सांगितले. दुसरी मुलाला द्यायला डब्यात भाकरी-ठेचा घेऊन आली होती आणि तो आत नेऊ देतील का, हे प्रत्येकाला विचारत होती. बाप थोडे. पोलिसांच्या गाडीतून उतरणारी मुले फार उंच नव्हती. वर्तमानपत्रात ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा शब्द वाचताना डोळ्यांसमोर जे येते, त्याचा आणि ओठावर नुकती लव फुटलेल्या, चपलेचा तुटका अंगठा पायाने सावरणाऱ्या त्या मुलांचा मेळ बसवायला मला वेळ लागला.

या यंत्रणेचा खरा आधार परिविक्षा अधिकारी असतो. पंधरा दिवसांत त्याने मुलाच्या घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा: घरात कमावते कोण, दारू कोणाला, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली व का सुटली, सोबती कोण, मार कोणाचा बसतो. मला भेटलेल्या बाई या कामात बरीच वर्षे आहेत. ज्यांचे प्रकरण संपले आहे अशा एका घरी, त्या मुलाच्या आईला आधी विचारून, त्यांनी मला बरोबर नेले. गावाबाहेर पत्र्याची खोली. आई कांद्याच्या चाळीत निवडणीला जाते. दारात आम्हांला पाहताच तिने विचारले, “बाई, पुन्हा बोलावलंय का ह्याला?”

“नाही, मावशी. केस मिटली. मी नुसती भेटायला आले.”

मग तिने उशीखालून प्लास्टिकची पिशवी काढली; आम्ही मागितली नव्हती. रेशनकार्ड, आधार, आणि आठ घड्या घातलेला शाळा सोडल्याचा दाखला. घडी नेमकी जन्मतारखेच्या ओळीवरून गेली होती, आणि सतत उलगडून दाखवल्यामुळे तेथला कागद विरून गेला होता. मोटारसायकली पळवणाऱ्या दोन मोठ्या माणसांनी या पोराला हँडल तोडायला पुढे घातले होते. तू लहान आहेस, तुला काही होत नाही, असे त्यांनीच त्याला शिकवले होते. मंडळाने त्याला आईच्या मुचलक्यावर, बाईंच्या देखरेखीखाली ठेवले. आता तो मोटारी भरण्याच्या, म्हणजे वाइंडिंगच्या, दुकानात काम शिकतो. घरी आला तेव्हा त्याची बोटे तांब्याच्या तारेने चिरलेली होती. बाईंनी त्याच्या बोटांकडे पाहिले आणि हातमोजे का घालत नाहीस म्हणून त्याला रागे भरल्या. तपासणी म्हणायची तर तेवढीच.

या मुलाच्या प्रकरणाचे कागद, अपिलाची मुदत उलटून नियमांत सांगितलेला काळ गेला की, नष्ट केले जातील. नोकरीच्या अर्जात त्याला काही सांगावे लागणार नाही. कायदा येथे विसरून जाण्याची जबाबदारी स्वतःवर घेतो. शिक्षेच्या सबंध शास्त्रात याहून शहाणपणाचे कलम मला दिसत नाही.

सोळा आणि अठरा यांमधील फट

२०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत एका तरुणीवर झालेल्या सामूहिक बलात्काराने देश हादरला, आणि त्या नराधमांत एक जण सतरा वर्षांचा होता हे कळल्यावर रेघ पुन्हा सोळावर आणा अशी मागणी उठली. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा यांच्या समितीने महिनाभरात अहवाल दिला; स्त्रियांच्या सुरक्षेसाठी कडक उपाय सुचवणाऱ्या त्याच समितीने वय खाली आणू नये असे सांगितले. २०१३ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानेही अठराची रेघ हलवण्यास नकार दिला. त्या सुमारास देशात नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी अल्पवयीनांच्या नावावरचे गुन्हे सव्वा टक्क्याच्या आसपास होते. परंतु २०१५ च्या डिसेंबरात तो मुलगा तीन वर्षे पुरी करून बाहेर पडला, आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत नवा कायदा संमत झाला. रेघ अठरावरच राहिली. मात्र तिला एक फट पाडली गेली. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, असा निर्घृण गुन्हा सोळा वर्षे पुऱ्या झालेल्या मुलाने केल्याचा आरोप असेल, तर मंडळाने त्याचे प्राथमिक मूल्यांकन करावे आणि त्याला मोठ्या माणसासारखे चालवावे असे वाटल्यास प्रकरण बाल न्यायालयाकडे, म्हणजे व्यवहारात सत्र न्यायालयाकडे, पाठवावे.

मूल्यांकन कशाचे? गुन्हा करण्याची शारीरिक व मानसिक कुवत त्याच्यात होती का, परिणाम समजण्याची शक्ती होती का, आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत केला गेला. हे तीन प्रश्न मी अनेक वकिलांना विचारले, एका मनोविकारतज्ज्ञांनाही विचारले, आणि जितके विचारले तितके ते मला अधिक अवघड वाटू लागले. मुलाने गुन्हा केला की नाही हे अजून शाबीत व्हायचे आहे, आणि तरी ‘कोणत्या परिस्थितीत केला’ याचे उत्तर आज द्यायचे आहे. मनोविकारतज्ज्ञांपुढे मुलगा येतो तो निरीक्षणगृहात काही आठवडे काढून. त्याला तपासायचे आहे आज आणि मत द्यायचे आहे त्या रात्रीच्या त्याच्या मनाविषयी. गाठीला तासाभराची भेट, एखादी बुद्धिमापन चाचणी आणि सिव्हिल रुग्णालयाचा छापील नमुना. चाकू लागला की माणूस मरतो हे सात वर्षांच्या मुलालाही समजते. समोर चार मित्र उभे असताना हात आवरणे हे निराळे बळ आहे, आणि ते विशीपर्यंत पक्के होत नाही, ही गोष्ट मुले वाढवलेल्या कोणालाही सांगावी लागत नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेच हे काम अत्यंत नाजूक असल्याचे नमूद केले आणि मंडळात बालमानसाचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे असे बजावले. जेथे जिल्ह्याला एक मनोविकारतज्ज्ञ मिळायची मारामार, तेथे हा आदेश पाळायचा कसा, हे कोणी सांगत नाही.

या फटीतून जे आत ओढले जातात त्यांत सगळेच खुनी नसतात. संमतीचे वय आता अठरा आहे, आणि लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्यात शरीरसंबंधाच्या गुन्ह्याला किमान शिक्षाच दहा वर्षांची आहे. म्हणून सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा-सतरा वर्षांची मुलगी घर सोडून गेली आणि मुलीच्या बापाने फिर्याद दिली, की कलमांच्या हिशेबाने तो गुन्हा निर्घृणांत मोडू शकतो, मग मुलगी काहीही सांगो. परिविक्षा अधिकारी बाईंच्या दप्तरात अशा फायली बऱ्याच होत्या. पुष्कळदा तपास अंमलदारालाही मुलाची कीव येते, असे त्या म्हणाल्या. पण कीव कलमात बसत नाही.

पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे दोन तरुण अभियंत्यांना चिरडणाऱ्या मोटारीच्या सुकाणूमागे सतरा वर्षांचा मुलगा होता, आणि त्याच दिवशी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाल्याची बातमी आली, तेव्हा उसळलेला क्षोभ मी स्वतः अनुभवला आहे. ज्या आईबापांची मुले गेली त्यांच्या दुःखापुढे ती अट थट्टेसारखी वाटली. पुढे त्याला निरीक्षणगृहात ठेवण्यात आले. जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून सुटका केली. आणि त्याला प्रौढ म्हणून चालवावे ही पोलिसांची मागणी २०२५ च्या जुलैत मंडळाने फेटाळली. दरवेळी लोकांना वाटले की कायदा श्रीमंताच्या पोराला पाठीशी घालतो. माझे म्हणणे असे, की जामिनाचे जे कलम त्याला मिळाले तेच मोटारसायकलीचे हँडल तोडणाऱ्यालाही मिळाले पाहिजे आणि तितक्याच तातडीने. एकाला मिळाले म्हणून ते सर्वांचे काढून घेण्याने कांद्याच्या चाळीतल्या त्या आईचेच पोर आधी जाईल. मोठ्या वकिलाची फी देणारा फटीच्या कडेने निघून जातो. ही फट बुजवावी आणि अठराची रेघ सलग करावी, या मतापर्यंत मी आले आहे. न्यूयॉर्क राज्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना सरसकट प्रौढांच्या कोर्टात नेत असत. आपण फट पाडल्यानंतर दोनच वर्षांनी, २०१७ साली, तेथे कायदा बदलून वय वाढवले. त्यांना जे चटके खाऊन कळले ते आपल्याला २००० सालीच कळले होते, ही खंत मनातून जात नाही.

अठ्ठावीस वर्षांनी उघडलेले रजिस्टर

वयाची चर्चा चालते ती समजुतीची, परंतु प्रत्यक्षात वय ठरते ते कागदावर. कायद्याने क्रम लावून दिला आहे: आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. मनगटाच्या आणि कोपराच्या हाडांची टोके किती जुळली ते क्ष-किरणांत पाहून डॉक्टर वय सांगतात. पण त्यात दोन वर्षे इकडची तिकडे होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच मान्य केले आहे. सोळा आणि अठरा यांत अंतरही दोनच वर्षांचे. जन्मनोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, तरीही उसाच्या फडात, वीटभट्टीवर, पालात जन्मलेल्या मुलाची नोंद कोणी कोठे करावी हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

पुण्यात १९९४ च्या ऑगस्टमध्ये एकाच घरातील सात जणांची हत्या झाली, पाच स्त्रिया आणि दोन मुले. पुण्याच्या जुन्या रहिवाशांना ते दिवस अजून आठवतात. पकडलेल्यांत राजस्थानातून आलेला एक जण होता. खटल्यात त्याचे वय विशीच्या आसपास लिहिले गेले. १९९८ साली सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे कित्येक वर्षांनी त्याच्या वतीने अर्ज आला, की गुन्ह्याच्या वेळी तो मूल होता. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या सत्र न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितले. राजस्थानातील त्याच्या गावच्या शाळेचे रजिस्टर पुढे आले. त्यातील नाव आणि खटल्यातील नाव यांत फरक होता, म्हणून ती व्यक्ती हीच का, याचा बारकाईने शोध घ्यावा लागला. नोंद खरी ठरली. जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय साडेबारा वर्षे होते. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा हुकूम दिला. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तो बंदिवासात होता, त्यांतील बहुतेक काळ फाशीच्या छायेत. आणि कायद्याप्रमाणे त्या वयाच्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते.

त्या घरातील गेलेल्या सात जीवांचा हिशेब या सुटकेने लागत नाही, आणि तसा तो लागतो असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. माझे मन अडकून राहते ते दुसऱ्याच एका गोष्टीत. साडेबारा वर्षांच्या मुलाला पकडल्यापासून फाशी कायम होईपर्यंत पोलीस, डॉक्टर, वकील, न्यायाधीश अशी किती माणसे त्याच्यासमोर आली असतील. आणि हे मूल आहे असे त्यांतील कोणी म्हटले नाही. म्हटले ते एका खेड्यातील मास्तराने, कितीतरी वर्षांपूर्वी, शाईने, रजिस्टराच्या एका रकान्यात. वडिलांच्या रजिस्टरांवरून हात फिरवताना मला त्या अनोळखी मास्तराची आठवण आली, आणि वडिलांनी एका वर्षाने मोठ्या केलेल्या मुलांचीही.

गव्हाणीत मोळी पडली तो दिवस

मी शाळेत बसले होते तो दिवस पटनोंदणीचा होता. हल्लीच्या मुख्याध्यापिका बाई शेजारच्या तालुक्यातल्या. त्यांना पालक ‘मॅडम’ म्हणतात आणि आजीबाई मात्र ‘मास्तरीणबाई’च म्हणतात. बहुतेक मुलांचे जन्मदाखले मोबाइलमध्येच होते. दुपारी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली एक आजी नातवाला घेऊन आली. दाखला नव्हता, लसीकरणाचे कार्ड फडावर हरवले होते. पोर कोपीत झाले, दवाखान्यात नेलेच नाही.

“कोणता महिना, आजी?”

“थंडी पडाया लागली व्हती. दिवाळी झाली व्हती.”

बाईंनी लेखणी उचलली नाही. त्या वर्षी कोणत्या कारखान्याला होतात, असे त्यांनी विचारले. आजीने नाव सांगितले आणि पुढे म्हणाली, की गव्हाणीत मोळी पडली, गुलाल उधळला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पोर झालं. बाईंनी कारखान्याच्या शेती खात्यात फोन लावला. पलीकडच्या कारकुनाने आधी कुरकुर केली, मग थांबा म्हणाला, आणि बराच वेळ आम्ही तिघी त्या फोनभोवती गप्प बसून राहिलो. पोर तेवढे टेबलाखाली खडूचा तुकडा शोधत होते. २०१८ च्या गळीत हंगामाची मोळी १० नोव्हेंबरला पडली होती. बाईंनी आजीला पुन्हा एकदा विचारले, दुसऱ्याच दिवशी ना? आजीने नातवाच्या डोक्यावर हात ठेवून होय म्हटले.

जन्मदाखल्यासाठी ग्रामपंचायतीत काय कागद लागतील ते बाईंनी एका चिठ्ठीवर उतरवून दिले. मग नवे रजिस्टर ओढले आणि रकान्यात लिहिले, आधी अंकांत आणि तिच्याखाली अक्षरांत: अकरा नोव्हेंबर, दोन हजार अठरा.